फोटो आहे, पण फोटोतल्या माणसाचं नाव कुठाय? (शिमगा, जत्रा आणि आपले कॅमेरे)

सड्यावरचा

गेल्या वर्षी मुंबई-गोवा महामार्गावर एका पर्यटनाच्या फलकावर मला माझा मामा दिसला. वीस फूट उंच. नऊवारी, नथ, डोळ्यांत काजळ, हनुवटीवर गोंदण. खाली लिहिलेलं, 'रंगीबेरंगी कोकणात आपले स्वागत आहे'.

मामा दशावतारात स्त्रीपार्टी करतो. तीस वर्षं झाली. दिवसा भाताची शेती, पाच-सहा काजूची कलमं, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री द्रौपदी नाहीतर तारामती. मी फलकाचा फोटो काढून त्याला दाखवला. त्याने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो तर मीच. पण माझा नाव खय आसा?" मग थोडं थांबून, "आणि लुगडा माझा न्हय ता. भाड्यान आणलेला."

पैशाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. नाव नाही एवढंच त्याला लागलं. ज्यांनी फलक लावला त्यांचं नाव इथे काढत नाही. भांडून झालंय, उत्तर आलेलं नाही, तो विषय बंद.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. फाक पंचमी, म्हणजे शिमग्याची सुरुवात, जवळ आली. यंदाही आपल्यातले निम्मे लोक कॅमेरे घेऊन गावी जाणार. पालखी नाचतानाचे, होम पेटतानाचे, संकासुराच्या सोंगाचे फोटो इथे येणार आणि 'अप्रतिम', 'क्लास', 'गावची आठवण आली' असे प्रतिसाद पडणार. माझे जुने धागे काढून बघितले. २१४ फोटो. त्यांतल्या किती माणसांची नावं मी लिहिली असतील? चार. त्यातही एक मी स्वतः.

तर यंदा निदान लिहूया. कोण आहे, काय करतोय, हा मान त्याच्याकडे कसा आला, हातात काय आहे, त्याला गावात काय म्हणतात. तुम्ही कसं करता, सांगा.

चेंबूरचा_चाकरमानी

+१. पण प्रॅक्टिकल अडचण सांगतो. सहाणेवर (पालखी बसवायच्या जागी) पालखी आली की ढोल-ताशाच्या आवाजात माणूस शेजारच्याला हाक मारू शकत नाही, तिथे "काका, तुमचं पूर्ण नाव?" कसं विचारणार?

गजालीकार

पूर्ण नाव इचारूक जाशीत तर काका म्हणतलो, "खयच्या हापिसातून इलंस?"

सड्यावरचा

@चाकरमानी, त्या वेळी विचारायचंच नाही. दुसऱ्या दिवशी विचारायचं. पालखी भोवनीला घरोघरी फिरते तेव्हा प्रत्येक घरी चहा होतोच. तेव्हा फोनवर आदल्या रात्रीचे फोटो दाखवायचे. माणसं आपणहून सांगायला लागतात.

लेन्सला_बुरशी

तांत्रिक बाजू मी टाकतो, लोक दरवर्षी विचारतात.

जत्रेत हल्ली सगळीकडे एलईडी. स्वस्त एलईडी आणि ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक पट्टे जातात. व्हिडिओला २५ फ्रेम आणि १/५०. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तिथेही हे जमतं.

फ्लॅश नको. दशावतारात तर मुळीच नको. समोर बसलेल्या म्हातारीच्या शिव्या खाव्या लागतात (अनुभव).

माझ्या नावाचं कारणही सांगून टाकतो. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवून मुंबईला आलो, गणपतीला उघडली तर आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बुरशी. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दुसरा उपाय नाही. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये बसते. समुद्रावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचे फोटो काढले की घरी येऊन कॅमेऱ्याला ओलसर फडकं फिरवायचं. खारं वारं धातू खातं.

पोफळीची_सावली

सिलिका जेलपेक्षा महत्त्वाचं असं काहीतरी बोलायचं होतं. हरकत नसेल तर जरा लांबवते.

पिंगुळीला गेलायत का कोणी? कुडाळच्या शेजारी. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत नाव आलं होतं, त्यांनी घराजवळच संग्रहालय केलंय. मी गेले तेव्हा माझ्या डोक्यात चित्रकथी म्हणजे चित्रं. जुनी, मातकट रंगांची, टोकदार नाकांची, भिंतीवर लावण्याजोगी. तिथे बसल्यावर कळलं की ती भिंतीवर लावण्यासाठी नव्हतीच मुळी. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा, त्याला ते पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात गात रामायण-महाभारतातली गोष्ट सांगतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. गोष्ट पुढे गेली की चित्र पालटतं.

म्हणजे आपल्याकडे चित्र एकटं कधी बसलंच नव्हतं. शेजारी सांगणारा असायचाच. पिंगुळीच्या पोथीत आख्यान कोणतं ते विसरलं तर चित्रातला राजा कोण हेही कळणार नाही. तुमच्या २१४ फोटोंचं तेच झालंय.

सड्यावरचा

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

आडवाट

मुद्दे चांगले आहेत, पण जरा अतिरेक होतोय असं नाही वाटत? चांगला फोटो स्वतः बोलतो. मागच्या वर्षी मी अवसर आलेल्या, म्हणजे अंगात देव आलेल्या, एका माणसाचा क्लोजअप काढला होता. होमाचा उजेड, डोळे अर्धवट मिटलेले, कपाळावर घाम. याच मंचावर शंभरावर प्रतिसाद आले. त्याला नावाची काय गरज? उलट नाव टाकलं असतं तर तो फोटो 'अमुक तमुक' यांचा झाला असता, आता तो श्रद्धेचा आहे.

गजालीकार

@आडवाट, तो माणूस माझ्या चुलत्याच्या घराशेजारी राहतो. म्हणून इथे मालवणी सोडून सरळ बोलतो.

अवसर येतो तेव्हा तो माणूस 'तो' नसतो, असं गाव मानतं. त्या वेळी त्याच्या तोंडून जे येतं ते देवाचं. तुमचा विश्वास असो नसो. पण सकाळी तो परत आपला बागेत पाणी लावायला जातो आणि त्याची मुलगी कॉलेजात जाते. त्या मुलीच्या वर्गातल्या पोरांनी तुमचा फोटो एकमेकांना पाठवला, वर हसायची चिन्हं टाकून. तुम्ही नाव टाकलं नाही म्हणून काही लपलं नाही. गावाला चेहरा माहीत असतो.

आमच्या देवळात आता बोर्ड लागलाय, गाभाऱ्यात आणि अवसराचे फोटो काढू नयेत. रोंबाटात (शिमग्याच्या मिरवणुकीत) माणसं कमी नि मोबाईल जास्त झाले, म्हणून.

आणि कायदेकानू नको असतील तर आमचा साधा नियम आसा. तुका फोटो व्हयो तर देवाक इचार. उजवो कौल दिल्यान तर काढ, डावो दिल्यान तर गप घराक जा.

आडवाट

वर्गातल्या पोरांचं मला माहीत नव्हतं. फोटो काढून टाकलाय. पण सगळ्यांनी कॅमेरे खाली ठेवले तर पुढच्या पिढीला काय दाखवणार, हा माझा प्रश्न अजून आहे.

चेंबूरचा_चाकरमानी

कौलाचे तांदूळ देवाच्या अंगावरून पडेपर्यंत बॅटरी संपेल हो. :)

संपादक

ड्रोन, रील आणि 'मुंबईकर विरुद्ध गाववाले' यांवरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी आधीचे तीन धागे आहेत, तिकडे जा.

हर्णैची

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. @आडवाट यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे.

मी दापोली तालुक्यातली, कोकणी मुसलमान. 'कोकणची विविधता' म्हणून इथे फोटोंच्या मालिका येतात त्यात पालखी, दशावतार, नारळी पौर्णिमा, फार तर जंजिरा. किल्ला येतो, माणसं येत नाहीत. तक्रार म्हणून नाही, दिसलं ते लिहिलं.

आमच्याकडे लग्नाच्या हळदीला बायका रात्रभर गातात. भाषा आमचीच, कोकणी-मराठी. नवरीच्या नात्यातल्या एकेकीचं नाव गाण्यात ओवायचं, व्याह्यांना टोमणे मारायचे. आमची घरं दर्यावर्दींची, तेव्हा बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणंही आलंच. कोणी मुंबई गोदीत, कोणी केपटाऊनला, नंतरचे आखातात. सगळं गाण्यात आहे. तिथे कॅमेरा चालत नाही. पुरुषही नसतात. माझी नानी तर फोन उलटा करून ठेवायला लावायची.

मला आधी वाटायचं, आता हे जाणार, याचा एक फोटोसुद्धा नसणार. मग मी वही घेतली. नानी सांदणं वाफवायची आणि मी चुलीपाशी बसून लिहायची. ती गाणं 'सांगायची' नाही. सांग म्हटलं की आठवत नसे, तांदळाच्या रव्यात हात असला की आठवायचं. दोन वह्या भरल्या. कुठलं गाणं कुठल्या वेळचं, कुठली ओळ कोणाच्या लग्नात कोणी जोडली, हे समासात लिहिलंय. एका ठिकाणी तेलाचा डाग आहे, ते पान तसंच ठेवलंय.

नानी आता नाही. तिचा गातानाचा एकही फोटो नाही आणि मला त्याची खंतही नाही. ती हो म्हणाली असती तर काढला असता.

पोफळीची_सावली

हर्णैची, स्वागत. एक विचारू? बोली लिहिताना शुद्धलेखनाचं काय केलंस?

हर्णैची

पहिल्या वहीत मी शहाणपणा करून सगळं शाळेच्या मराठीत फिरवलं. दुसरी वही सुरू करताना नानीला पहिलीतलं एक गाणं वाचून दाखवलं. म्हणाली, हे कोणाचं गाणं? तेव्हापासून जसं कानावर येतं तसं लिहिते. कुठे अडलं तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायला तिची ना नव्हती, फक्त तिचा एकटीचा.

इस्रायल_आळीचा_शेजारी

अलिबागहून. हर्णैच्या ताईंनी दार उघडलंच आहे तर आमचंही घाला.

आमच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, इथले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. तिथे त्यांची जुनी दफनभूमी आहे. आडनावं गावांवरून, केहीमकर, नवगावकर, रोहेकर. नवस फेडायचा तर मलिदा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची). लहानपणी आम्हाला ताटली यायची, सत्यनारायणाचा प्रसाद यावा तशी.

१९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले. आळीत मोजकी घरं उरली. दरवर्षी तिकडून नातवंडं येतात, फोनवर आजोबांचा जुना फोटो घेऊन, आणि विचारतात, हे घर कोणतं? फोटोत ओटा दिसतो, ओट्यावर माणसं दिसतात. मागे काही लिहिलेलं नसतं. मग माझे बाबा ओट्याच्या दगडांवरून घर ओळखतात. बाबा ८१ वर्षांचे आहेत.

कुंडलिकेपलीकडे

अलिबागकर, जरा पुढे या की. रेवदंड्यासमोर कोर्लई. पोर्तुगीज १७४० मध्ये तिथून गेले, पण गावातली ख्रिस्ती मंडळी आजही घरात पोर्तुगीजवर पोसलेली आपली वेगळी भाषा बोलतात. तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बाहेर पडली की मराठी. किल्ल्याचे आणि दीपगृहाचे फोटो हजारो सापडतील. भाषेचा फोटो कसा काढणार?

मोडीवाली

मी विकिपीडियावर लिहिते, तेव्हा माझी टिमकी वाजवते. :)

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंचा खुला साठा) 'विकी लव्हज फोकलोर' नावाची छायाचित्र स्पर्धा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. लोकसंस्कृतीचे फोटो, व्हिडिओ, आवाजसुद्धा. म्हणजे नेमका आपला शिमगा. त्याच काळात 'फेमिनिझम अँड फोकलोर' ही लेख लिहिण्याची स्पर्धा, बायका आणि लोकसंस्कृती या विषयावर. हर्णैची, तुझ्याकडे बघतेय.

फोटो चढवताना वर्णनाचा रकाना रिकामा सोडू नका. गाव, तालुका, तारीख, सणातला कुठला प्रसंग, वाद्याचं स्थानिक नाव, सगळं लिहा, मराठीतच. 'होळी सेलिब्रेशन महाराष्ट्र' अशा नावाच्या फायली ढिगाने आहेत. 'शेरणं' शोधायला जा, हाती काय लागतं बघा. पालखी नाचत नाचत जाऊन पुरलेला नारळ शोधून काढते, या प्रसंगाचं चित्र काढायला लोक जीव टाकतात आणि शब्द लिहीत नाहीत.

सड्यावरचा

मोडीवाली, एक शंका. तिथे टाकलेला फोटो कोणीही वापरू शकतो ना? व्यापारासाठीही?

मोडीवाली

हो. तिथे 'फक्त अव्यापारी वापरासाठी' असा परवाना चालतच नाही. छायाचित्रकाराचं नाव द्यायचं आणि परवाना नमूद करायचा, की झालं.

सड्यावरचा

म्हणजे मामा परत फलकावर जाऊ शकतो. आणि नाव येईल ते माझं!

मोडीवाली

कायद्याने, होय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा, आणि तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. समोर रात्रभर नाचणाऱ्याचा त्यात काही नाही. म्हणून मी दोन गोष्टी करते. चढवण्याआधी त्या माणसाला स्पष्ट सांगते की हा फोटो उद्या बिस्किटाच्या पुड्यावरही येऊ शकतो, चालेल का? दोघांनी नाही म्हटलं, ते फोटो माझ्याकडेच आहेत. आणि ज्याला चालतं त्याचं नाव फायलीच्या नावातच घालते. वर्णन गाळता येतं, फायलीचं नाव निदान सोबत जातं.

गजालीकार

बिस्किटाच्या पुड्यार मामा. चायबरोबर तारामती!

चेंबूरचा_चाकरमानी

(शिमग्याहून परत. धागा वर आणतोय.)

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव. अकरा वर्षांचे फोटो लॅपटॉपवर घेऊन गेलो होतो. पालखी भोवनीला गेली त्या दुपारी आमच्या पडवीत बसलो. सोबत भावकीतले एक आजोबा आणि दोन काकू. ठरवलं होतं की नावं लिहून घ्यायची. तासाभरात उरकेल असं वाटलं, तीन दुपारी गेल्या.

नावं मिळाली, सगळी नाही. पण मला वेगळंच काही दिसलं. मी ज्याच्यासाठी फोटो काढला होता, ती पालखी, तो गुलाल, ती उडालेली धूळ, त्याकडे ते बघतच नव्हते. ते मागे बघत होते. "ही आमची जुनी पडवी." "हा फणस रस्त्याच्या चौपदरीकरणात गेला." "ही कोपऱ्यातली चूल बघ, या वर्षी पुरणपोळ्या तीनशे लागल्या होत्या." एका फोटोत अगदी कडेला, फोकसच्या बाहेर, एक मुलगा खांबाला टेकून उभा. काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत. तो त्यांचा. मुंबईला गेला आणि अपघातात गेला. मी तो फोटो दोनदा डिलीट करणार होतो, फोकस चुकला म्हणून.

अजून एक. मी ज्याला कायम 'ढोलवाले' म्हणत आलो त्या पाच जणांपैकी दोघं आमच्या वाडीचे नाहीतच. नदीपलीकडच्या वाडीतून येतात, आणि त्यांचा ढोल आल्याशिवाय पालखी उठत नाही. कारण विचारलं तर आजोबांनी एका जुन्या भांडणाची आणि त्यानंतरच्या समेटाची गोष्ट सांगितली. ती इथे लिहीत नाही, दोन्ही वाड्यांची परवानगी घ्यायची आहे. वहीत लिहिली आहे.

सड्यावरचा

अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो कुठला ते कळलं म्हणायचं.

आडवाट

चाकरमानी, हे जमलंय. मी यंदा एक वेगळं करून पाहिलं. अवसराच्या वेळी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि घरी आल्यावर आठवेल तेवढं लिहिलं. दोन पानं झाली. वाचल्यावर जाणवलं की घाम आणि डोळे सोडून मला काही आठवतच नव्हतं. तो काय बोलला, लोकांनी काय विचारलं, कोरं. म्हणजे मागच्या वर्षीही मी काही ऐकलं नव्हतंच. लिखाण इथे टाकत नाही, वाईट आहे.

लेन्सला_बुरशी

टाका हो. माझे पहिले फोटोही वाईटच होते. शेवटचेही आहेत, बुरशीमुळे.

सड्यावरचा

मामाचं सांगायचं राहिलं. परवा वेंगुर्ल्याकडे एका जत्रेत त्याचा प्रयोग होता. मी नाटक सुरू व्हायच्या आधी रंगपटात बसलो. ट्रंकेवर आरसा टेकवलेला, वर एक पिवळा बल्ब, मामा स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवत होता. आख्यान कुठलं हे संध्याकाळी ठरलं. लिहिलेले संवाद नसतातच. कोण राजा, कोण राणी एवढं ठरवून ही माणसं पहाटेपर्यंत बोलत राहतात.

चेहरा अर्धा झाला होता. एका बाजूला तारामती, दुसऱ्या बाजूला दाढीचे खुंट असलेला माझा मामा. विचारलं, काढू? म्हणाला, काढ. मग फोटोखाली काय लिहायचं ते त्यालाच वाचून दाखवलं. त्याचं पूर्ण नाव, गाव, कंपनी, किती वर्षं, कुठल्या भूमिका. त्याने डोळ्यांतलं काजळ नीट करत सगळं ऐकून घेतलं.

"बरा लिवलंस," म्हणाला. "आता खाली पेटीवाल्याचा नाव घाल. तो नसलो तर माका रडूक येणा नाय."